रेव्हरंड टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला आणि मराठी ख्रिस्ती माणसाला त्याचा चैत्र मिळाला

ईस्टरचं एखादं छापील भेटकार्ड डोळ्यांसमोर आणा. हिरवंगार गवत, त्यात पांढरी लिली, पिवळी डॅफोडिल, एखादा ससा, शेजारी रंगवलेली अंडी. युरोपात हे सगळं बरोबर आहे. तिथं चार महिने बर्फाखाली गेलेली जमीन मार्च-एप्रिलमध्ये उघडी पडते, मेल्यासारखी वाटणारी झाडं फुटतात आणि त्याच सुमाराला चर्चमध्ये येशूच्या पुनरुत्थानाचा सण येतो. निसर्ग आणि श्रद्धा एकच गोष्ट सांगताहेत असं तिथल्या माणसाला न सांगता कळतं.

आता हेच कार्ड एप्रिलमध्ये साताऱ्यात नाहीतर सांगलीत आणून बघा. शाळू काढून झालेला असतो, रानं उघडी पडलेली असतात, कृष्णेचं पाणी आटत चाललेलं असतं आणि दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. बर्फ कुठला आणि लिली कुठली!

मग इथल्या ख्रिस्ती माणसानं पुनरुत्थानाचा वसंत कुठं बघायचा?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न होता. ख्रिस्ती झालेला मराठी माणूस मराठी राहतो का? की देवाबरोबर त्यानं ऋतू, राग, अभंग, ओवी, गणगोत असं सगळंच बदलायचं? ज्या माणसानं या प्रश्नाचं उत्तर देण्यात अख्खं आयुष्य घातलं, त्यांचं नाव नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकात ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता वाचलेल्यांना ते आठवतील. शिकाऱ्यानं घायाळ केलेली पक्षीण जीव जाईपर्यंत पिल्लांकडे उडत जाते, ती कविता. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळखही अनेकांना माहीत असते. पण त्यांच्या आयुष्याचा शेवटचा आणि सगळ्यात धाडसी प्रयोग साताऱ्यात झाला, हे फारसं सांगितलं जात नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर. वडील सरकारी नोकरीत आणि स्वभावानं भयंकर तापट. आई जानकीबाई मात्र कवितेची आवड असलेली, देवभोळी. ती लवकर गेली आणि मुलाचं घरावरचं लक्षच उडालं. पुढं नाशिकला संस्कृतचं शिक्षण झालं, इंग्रजी थोडंफार झालं, पण शिस्तीत शाळा पुरी करणं हा त्यांचा पिंड नव्हता. १८८० च्या सुमाराला लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, वय अकरा-बारा. माहेरचं नाव मनकर्णिका, सासरी लक्ष्मी. ह्याच पुढं ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. टिळकांबद्दल आज आपल्याला जे काही जिवंत असं माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे माहीत आहे. पुस्तकात त्या नवऱ्याचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा करतात आणि त्याची खोडी काढायची एकही संधी सोडत नाहीत.

खोड्या काढण्यासारखं होतंच बरंच. हा माणूस एका गावात टिकायचा नाही. नोकरी धरायची, सोडायची, घरी न सांगता निघून जायचं, आठवण आली की परत यायचं. हातात पैसा आला तर तो मागणाऱ्याच्या हातात गेलाच म्हणून समजा. राग आला की घर डोक्यावर घ्यायचं आणि ओसरला की लहान मुलासारखं रडायचं. संसाराच्या दृष्टीनं हे दिवस लक्ष्मीबाईंनी कसे काढले हे त्याच जाणोत.

या भटकंतीत टिळक नागपूरला पोचले. तिथं त्यांना अप्पासाहेब बुटींसारखा आश्रयदाता मिळाला, संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. ‘ऋषी’ नावाचं मासिक त्यांनी चालवलं. याच नागपुरात १८८३-८४ च्या सुमाराला एका शाळकरी पोराशी त्यांची ओळख झाली. ते पोर म्हणजे कृष्णाजी केशव दामले. पुढं केशवसुत. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांना कवितेची गोडी लागली त्यात टिळकांच्या सहवासाचा वाटा होता, असं अभ्यासक मानतात.

पण टिळकांचं मन कवितेत रमलं तरी स्वस्थ नव्हतं. जातिभेद त्यांना पटत नव्हता, मूर्तिपूजेवरचा विश्वास उडाला होता. एक देव सगळ्यांचा बाप आहे आणि माणसं एकमेकांची भावंडं आहेत, अशा पायावर आपणच एखादा नवा धर्म उभा करावा, इथपर्यंत विचार गेला होता.

तर झालं असं, की १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून सुरू झाल्या, संस्कृत काव्यावर गेल्या आणि तिथून धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थांनी बायबलची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवली, नीट अभ्यास करा म्हणून सांगितलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून टाकलं. टिळकांना हा आगाऊपणा वाटला. पण शब्द दिला होता म्हणून वाचायला बसले. सुरुवातीची पानं काही जमेनात, कंटाळा आला. मग मत्तयच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि तिथून त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना.

दोन वर्षांचा वायदा जवळजवळ तारखेला खरा झाला. १० फेब्रुवारी १८९५, रविवार. मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. माघ महिना चालू होता, वसंतपंचमी नुकतीच होऊन गेली होती.

टिळकांच्या मनात या दिवशी वसंत फुलला असेल, पण लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट बातमी होती. त्या माहेरच्या माणसांत होत्या, पदरात चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत आहे आणि तरी आपल्यासाठी तो गेल्यासारखाच, अशी ती अवस्था. त्या काळात ब्राह्मणानं धर्म बदलणं म्हणजे घरच्यांनी त्याच्या नावानं आंघोळ करणं. लक्ष्मीबाई भ्रमिष्टासारख्या झाल्या. नातेवाइकांनी त्यांना पंढरपूरला ठेवलं. सुमारे साडेचार वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. या काळात दोघंही एकमेकांना कवितेतून पत्रं लिहीत होते, हा भाग एखाद्या कादंबरीत लिहिला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता.

शेवटी त्या मुलाला घेऊन अहमदनगरकडे गेल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कडक. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पुढं राहुरीला असताना एका रात्री लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला की जात देवानं केली की माणसानं, आणि माणसानं केली असेल तर मी ती का पाळतेय? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती सोडली. कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. १९०० मध्ये त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा झाला. तेव्हाच्या दुष्काळात पोरकी झालेली मुलं या घरात आली आणि एकेकाळी सावली चुकवणारी बाई त्यांच्या वेण्या घालायला बसली.

इथं थोडं थांबून मराठी चर्चमध्ये तेव्हा काय गायलं जायचं ते बघू, कारण टिळकांचं खरं काम त्यात आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक महाराष्ट्रात १८१३ पासून होते. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना काढला, ‘ज्ञानोदय’ काढलं. उपासनेसाठी गीतंही तयार केली, पण त्यातली बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं होती आणि चालीही तिकडच्याच. ऑर्गनच्या सुरावर खेड्यातला शेतकरी ते शब्द म्हणायचा, पण ती लय त्याच्या ओठांवर बसायची नाही. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग नगरकडे टिळकांच्या आधीच सुरू झाला होता, तेव्हा सगळं श्रेय एकट्या टिळकांना देणं बरोबर नाही. पण भाषांतरात गुदमरलेल्या या भक्तीला मोकळा श्वास दिला तो त्यांनीच. अभंग, ओवी, पद, भजन या घाटांत त्यांनी ख्रिस्ताबद्दल लिहायला घेतलं. तेही भाषांतर करून नव्हे, तर तुकोबा-ज्ञानोबा ज्याच्या कानात लहानपणापासून आहेत असा माणूस जसं लिहील तसं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते सांगत. चर्चमधल्या काही जुन्या मंडळींना हे मानवत नसे, आणि हिंदू समाजातल्या मंडळींनाही. टिळकांचा नेम तुकारामावर होता तेवढाच ख्रिस्तावर होता आणि दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांना ते अडचणीचं वाटणं साहजिक होतं.

याच अभंगांमधून आणि कवितांमधून ऋतूंचा प्रश्नही सुटत गेला.

दख्खनचा वसंत युरोपच्या वसंतापेक्षा उलटा चालतो. तिकडे वसंतात पेरणी, इकडे वसंतात सुगी संपलेली. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच त्याला पुष्कळ पीक येतं, हा येशूचा दृष्टान्त युरोपातल्या शेतकऱ्याला ईस्टरच्या आसपास शेतातच दिसतो. साताऱ्याच्या शेतकऱ्याला तो दिसायचा तर मृगापर्यंत थांबावं लागेल. मग इथं वसंत असतो कुठं? तर झाडांत. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडं आधी पानं टाकून उघडीबोडकी होतात आणि मग त्या वाळक्या फांद्यांवर लालभडक फुलतात. पाऊस पडलेला नसतो, जमिनीत ओल नसते, ऊन रोज चढत असतं आणि अशा वेळी कडुलिंबाला, करंजाला कोवळी पालवी येते. म्हणजे तिकडचा वसंत थंडी संपल्यावर येतो आणि आपला वसंत उन्हाळा सुरू होताना, त्याच्या तोंडावर येतो. मरणाच्या दारात उभं राहून फुलणं, ही पुनरुत्थानाची गोष्ट सांगायला डॅफोडिलपेक्षा पळस कमी पडतो असं कोण म्हणेल?

तारखांचा मेळही बघण्यासारखा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असा चर्चचा ढोबळ नियम. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. आपल्या पंचांगात बघितलं तर ही पौर्णिमा एकतर फाल्गुनाची असते नाहीतर चैत्राची. म्हणजे कधी होळीनंतरच्या रविवारी ईस्टर, तर कधी हनुमान जयंतीनंतरच्या. दोन्ही सण चंद्र बघूनच ठरतात, फक्त मोजणारे वेगळे.

टिळकांच्या कवितेत फुलं सजावटीला येत नाहीत. ‘वनवासी फूल’ ही त्यांची दीर्घ कविता म्हणजे जगाला विटलेला माणूस आणि रानातलं एक फूल यांची चर्चा आहे. एकांतात आपल्यापुरतं फुलावं की माणसांत यावं आणि त्यांच्या उपयोगी पडावं, हा तिथला वाद आहे. हा वाद टिळकांच्या आत आयुष्यभर चालू होता. घर सोडून पळणारा तरुण आणि रस्त्यावरचं पोर उचलून घरी आणणारा बाप हे दोघंही त्यांच्यात होते. निसर्ग म्हणजे देवाने उघडं टाकलेलं पुस्तक ही कल्पना तशी जुनी. पण संस्कृत काव्याचा ऋतुवर्णनाचा थाट, संतांची भक्ती आणि शुभवर्तमानातला दुःख सोसणारा देव या तिन्ही गोष्टी टिळकांच्या फुलात एकत्र आल्या.

त्यांच्या घरात एक खरंखुरं फूलही येऊन राहिलं होतं. १९०७ मध्ये जळगावला पहिलं मराठी कविसंमेलन भरलं. तिथं सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलानं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. टिळक तिथं होते. पुढं त्यांनी ठोमरेला नगरला आपल्या घरी आणलं, लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती घरात राहतो म्हणून लोक बोलायचे ते बोललेच. पण बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले आणि टिळकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. निसर्गकवी म्हणून आपण ज्यांना डोक्यावर घेतो त्यांची काही घडणीची वर्षं एका ख्रिस्ती पाळकाच्या छपराखाली गेली, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, म्हणजे ते रेव्हरंड झाले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं. वरकरणी सगळं स्थिरस्थावर. पण आतली अस्वस्थता वाढत होती. मिशनमधल्या देशी माणसानं परदेशी माणसाच्या पगारावर आणि सल्ल्यावर चालायचं, निर्णय तिकडे आणि राबणं इकडे, ही रीत त्यांना खुपत होती. मिशनऱ्यांवर त्यांचा राग नव्हता, त्यांच्यात त्यांचे जिवलग मित्र होते. पण पोरगं मोठं झाल्यावरही बापानं बोट धरूनच चालवावं, याला त्यांचा विरोध होता. देश स्वराज्य मागत होता आणि टिळक चर्चसाठी तेच मागत होते.

१९१७ मध्ये त्यांनी ठरवलं की आता पुरे. मिशनची चाकरी सोडायची, संन्यासी व्हायचं. वय ५५. आणि त्यांनी गाव निवडलं सातारा.

साताऱ्याचा तेव्हाचा नकाशा आजच्यापेक्षा वेगळा होता. सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते आणि सांगली, मिरज ही संस्थानं होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. मिशनांनीही मुलूख वाटून घेतला होता. सातारा, वाई या बाजूला अमेरिकन मराठी मिशन आणि सांगली, मिरज, कोल्हापूरकडे अमेरिकेतलेच प्रेस्बिटेरियन. विल्यम वॉनलेस या डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेलं रुग्णालय ही त्या दुसऱ्या मिशनची मोठी कामगिरी. महाबळेश्वरला उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड करत सांगलीला येणारी कृष्णा मात्र सगळ्यांची एकच होती.

छत्रपतींच्या या राजधानीत टिळकांनी जे सुरू केलं त्याचं नाव ठेवलं ‘देवाचा दरबार’. नावातच अर्धी गोष्ट आहे. चर्च नाही, मिशन नाही, मंडळी नाही, तर दरबार. साताऱ्याच्या माणसाला हा शब्द कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या दरबाराची अट अशी की इथं बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यानं आपला समाज, आपलं नाव, आपलं घर सोडून यावंच लागेल असं नाही. येशूचे शिष्य म्हणून सगळे एका पंक्तीत बसतील आणि तेवढं पुरे.

यात किती मोठा धोका होता ते बघा. बाप्तिस्मा ही चर्चची वेस. तिच्या आत आला तो आपला, बाहेर राहिला तो परका. टिळक स्वतः दीक्षित पाळक असून ती वेस ओलांडत होते. आणि हे करणारा माणूस तो होता ज्यानं बाप्तिस्म्यासाठी जात, इस्टेटीची आशा, गणगोत आणि साडेचार वर्षांचा संसार मोजला होता. ही किंमत आपण दिली म्हणून सगळ्यांनी द्यावी असं म्हणणं सोपं होतं. टिळकांना उलट वाटलं. बायकोला सोसावं लागलेलं त्यांनी बघितलं होतं. ते बघूनच दरबाराचं दार एवढं रुंद ठेवलं गेलं असावं, असं म्हणायला जागा आहे.

संन्यासही त्यांचा त्यांच्यासारखाच होता. हिमालय नाही, गुहा नाही, बायकोला सोडणंही नाही. तरुणपणी न सांगता घर सोडणारा माणूस संन्यासी झाला तेव्हा मात्र घरातच राहिला. ‘ज्ञानोदय’ चालू होतं, लेखन चालू होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं चालू होतं.

काळ मात्र वाईट निघाला. पहिलं महायुद्ध चालू होतं. १९१८ मध्ये पाऊस रुसला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीनं मुंबई इलाख्यात हाहाकार उडवला. टिळकांच्या घरावरचा घाव त्याआधीच पडला होता. त्या वर्षीचा ईस्टर होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला झाला होता. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ५ मे १९१८ रोजी, खानदेशात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं.

टिळकांची प्रकृती खचत गेली. १९१९ मध्ये चैत्री पौर्णिमेनंतरच्या रविवारी, २० एप्रिलला ईस्टर आला, तो त्यांचा शेवटचा. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचं निधन झालं. वैशाख लागला होता. दरबार भरवून दोन वर्षंही झाली नव्हती.

जाताना त्यांनी आणखी एक धक्का दिला. आपल्याला पुरू नका, दहन करा, अशी त्यांची इच्छा होती. ख्रिस्ती माणूस देह पुरतो, कारण शेवटच्या दिवशी मेलेले उठतील अशी श्रद्धा आहे. शरीर जपून ठेवलं तरच देवाला ते उठवता येईल, एवढा देव टिळकांच्या लेखी दुबळा नव्हता. इथल्या मातीतल्या माणसासारखं जावं, हा आग्रह अखेरपर्यंत टिकला. त्याप्रमाणे त्यांचं दहन झालं.

देवाचा दरबार त्यांच्यामागे फार तग धरू शकला नाही. तो एका माणसाच्या ऊबेवर उभा होता आणि संस्था बांधणं टिळकांना कधीच जमलं नव्हतं. पण कल्पना मेली नाही. जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूनं १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला, त्यामागे टिळकांची प्रेरणा होती. आश्रमाची राहणी, देशी पद्धतीची उपासना, असा तो संघ. याच विन्स्लोंनी १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. निकोल मॅकनिकोल यांनी टिळकांची काही पदं इंग्रजीत नेली आणि ती तिकडच्या चर्चमधल्या गीतसंग्रहांत गेली. इंग्रजीतून मराठीत भाषांतर होऊन येणाऱ्या गीतांचा प्रवाह निदान थोडा तरी उलटा वाहिला.

मराठी चर्चचं ‘उपासना संगीत’ उघडलं तर टिळकांचं नाव पानोपानी भेटतं. मिशनांनी आखलेल्या सीमा त्या भजनांनी कधीच पाळल्या नाहीत. साताऱ्यात म्हटलं जाणारं भजन मिरजेत आणि सांगलीतही म्हटलं जातं. ईस्टरच्या पहाटे अनेक गावांत मंडळी अंधारातच टाळ, पेटी, तबला घेऊन निघतात. प्रभातफेरीची ही रीत वारकऱ्यांच्या दिंडीपासून फार लांबची नाही. उजाडायच्या वेळेला हवेत जो काही गारवा असतो तो असतो, तासाभरात ऊन तापायला लागतं, आणि चर्चच्या आवारातल्या कडुलिंबाला तेव्हा बारीक पांढरा मोहर आलेला असतो.

राहिलं ‘ख्रिस्तायन’. टिळक गेले तेव्हा त्याचे फक्त ११ अध्याय लिहून झाले होते. ख्रिस्ताच्या आयुष्याचा सगळ्यात अवघड भाग त्यांच्या हातून लिहिला जायचा राहूनच गेला. तो लक्ष्मीबाईंकडे आला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून कधीकाळी वेड लागायच्या बेतात आलेल्या लक्ष्मीबाईंकडे. त्यांनी पुढचे ६४ अध्याय लिहिले.